भिंतीतलं मोहोळ : बुजवण्याआधी ओळखा

बारामती-इंदापूरकडच्या गावांत दगड-मातीच्या भिंतींची जुनी घरं अजून उभी आहेत. दगडांमधली माती झिजली की आत पोकळी होते. नव्या घरांत तेच काम विजेच्या मीटरची पेटी करते. तिथे माश्यांची ये-जा सुरू झाली की सल्ले ठरलेले असतात : रॉकेल ओता, नाहीतर सिमेंटने भोक लिंपून टाका. हे दोन्ही उपाय घरावरच का उलटतात, ते आज पाहू.

आधी आत कोण आहे ते ओळखायचं. दहा-पंधरा फुटांवरून, दुपारच्या उन्हात, शांतपणे बघा. आग्या मोहोळ भिंतीत शिरत नाही. ते पाण्याच्या टाकीला, उंच झाडाला, उघड्यावर लटकतं. फुलोरीचं छोटं पोळं झुडपात असतं. अंधारी पोकळी लागते ती सातेरीला. आत तिची अनेक पोळी एकाशेजारी एक असतात. अंगावर लव आणि मागच्या पायांना परागाचे पिवळे गोळे दिसले, तर ती मधमाशी. अंग गुळगुळीत आणि कंबर एकदम बारीक असेल, तर ती गांधीलमाशी. मुंगीएवढ्या काळसर माश्या आणि भोकाशी मेणाची नळी दिसली, तर त्या डंख नसलेल्या. त्यांना राहू द्या. आणि भिंतीवर नुसता मातीचा गोळा असेल, तर ती कुंभारीण. ती एकटी राहते, घराची राखण करत नाही.

आता समजा, सातेरी आहे आणि तुम्ही भोक लिंपलं. माश्या दुसरी वाट शोधतात. ती वाट कधी स्विचबोर्डमधून थेट खोलीत निघते. विषारी फवारा मारून माश्या मेल्या, तरी पोळी आतच राहतात. जिवंत माश्या पंखांनी वारा घालून पोळं थंड ठेवतात. ते थांबलं की आपल्याकडच्या चाळीस अंशांच्या उन्हात मेण मऊ पडतं, मध भिंतीतून पाझरतो, मुंग्या येतात, मेणकिडा लागतो. शिवाय जुन्या मेणाच्या वासावर पुढे दुसरा थवा येऊ शकतो. रॉकेलचं तर बोलायलाच नको. त्याच भिंतीत विजेच्या तारा असतात.

मग करायचं काय? मधपाळाला बोलवायचं. तो तिन्हीसांजेला, अंगभर कपडे आणि जाळी घालून, थोडा धूर देतो. पोळी कापून चौकटींना बांधतो आणि पेटीत ठेवतो. राणी पेटीत गेली की कामकरी माश्या मागोमाग जातात. मग पोकळी खरवडून स्वच्छ करायची आणि तेव्हा लिंपायची. क्रम एवढाच लक्षात ठेवा : आधी माश्या, मग पोळी, शेवटी सिमेंट. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून आहे. मधपाळ मिळत नसेल तर तिथे किंवा कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

काही जण म्हणतील, एवढा खटाटोप कशाला? अहो, कांद्याचं बी धरायला, सूर्यफूल भरायला याच माश्या लागतात. भिंतीतलं मोहोळ पेटीत गेलं तर ते शेताच्या बांधावर कामाला येतं.

गांधीलमाशीचं वेगळं आहे. तिच्याकडे काढण्यासारखा मध नसतो, आणि ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. आडबाजूला असेल तर जाऊ द्या; ती पिकावरच्या अळ्या खाते. दाराशी असेल तर जाणकाराकडून काढून घ्या. दगड मारू नका.

शेवटी डंखाबद्दल. मधमाशीचा काटा कातडीत अडकतो आणि विषाची पिशवी नंतरही विष सोडत राहते. त्या काट्याजवळ सुटणारा वास इतर माश्यांना चेतवतो. म्हणून आधी तिथून लांब जा, काटा नखाने लगेच काढा, मग थंड पाणी लावा. पण ओठ-जीभ सुजली, अंगभर गांध्या उठल्या, दम लागला किंवा चक्कर आली, तर हळद-चुना लावत बसू नका. ही ॲलर्जी मिनिटांत जीव घेऊ शकते. १०८ ला फोन करा; त्यावर ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन लागतं. खूप डंख बसले असतील, तर बरं वाटत असलं तरी दवाखाना गाठा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.