विश्लेषण : बुद्धिबळात खेळी आधी सुचते की मोजून सापडते? जुना डाव कशी घेतो परीक्षा?

नाट्यपंढरी सांगलीची दुसरी ओळख बुद्धिबळाची. भाऊसाहेब पडसलगीकर यांच्या नूतन बुद्धिबळ मंडळात खेळाडूंच्या पिढ्या घडल्या. पाच वेळा राष्ट्रीय महिला विजेत्या ठरलेल्या भाग्यश्री साठे-ठिपसे आणि महिला ग्रँडमास्टर स्वाती घाटे सांगलीच्याच. आता मुले मोबाइलवर झटपट कोडी सोडवतात. पण उत्तर खरोखर मोजून आले की अंदाज लागला, हे कसे ओळखायचे?

करून पाहा...

पॉल मॉर्फीचा पॅरिसच्या ऑपेरागृहातील १८५८ चा डाव पटावर मांडा.

पांढरा : राजा सी१, वजीर बी३, हत्ती डी१, उंट जी५, प्यादी ए२, बी२, सी२, ई४, एफ२, जी२, एच२.

काळा : राजा ई८, वजीर ई६, हत्ती एच८, उंट एफ८, घोडा डी७, प्यादी ए७, ई५, एफ७, जी७, एच७.

खेळी पांढऱ्याची, दोन खेळींत मात. दहा सेकंदांत सुचलेली खेळी लिहून ठेवा. मग पाच मिनिटे काळ्याचे प्रत्येक उत्तर तपासा.

उत्तर काय?

वजीर बी८ वर, शह! राजाला जागा नाही, त्यामुळे घोड्याने वजीर मारावाच लागतो. घोडा हटताच हत्ती डी८ वर जाऊन मात करतो. हत्तीला उंटाचा जोर असल्याने राजा त्याला मारू शकत नाही.

ग्रँडमास्टरला हे लगेच कसे दिसते?

डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रूट यांनी १९४० च्या दशकात खेळाडूंना डावातील स्थिती देऊन मोठ्याने विचार करायला लावले. अव्वल खेळाडू इतरांपेक्षा फार खोल मोजत नव्हते; चांगली खेळी त्यांच्या नजरेत लवकर भरत होती. १९७३ मध्ये चेस आणि सायमन या अमेरिकी संशोधकांनी पट पाच सेकंद दाखवून तो आठवणीने मांडायला सांगितला. निष्णात खेळाडू खूप पुढे राहिले. मात्र सोंगट्या कशाही विखुरल्यावर त्यांची आघाडी जवळपास संपली. म्हणजे अंतःप्रेरणा ही पाहिलेल्या डावांची साठवण असते.

मग सुचेल ते खेळावे?

नाही. रिचर्ड रेटी यांनी १९२१ मध्ये रचलेली स्थिती पाहा. पांढरा : राजा एच८, प्यादे सी६. काळा : राजा ए६, प्यादे एच५. खेळी पांढऱ्याची. त्याचा राजा काळ्या प्याद्याला गाठू शकणार नाही, असेच वाटते. पण तो जी७, एफ६ असा तिरका चालला, की काळ्या प्याद्याचा पाठलाग आणि स्वतःच्या प्याद्याला मदत दोन्ही साधते. डाव बरोबरीत सुटतो. इथे नजर फसवते, मोजणी वाचवते.

सरावात काय करावे?

वहीत दोन रकाने करा : सुचलेली खेळी आणि मोजून ठरलेली खेळी. काहीच सुचत नसेल, तर जुने डाव अधिक पाहायला हवेत. सुचलेली खेळी वारंवार चुकत असेल, तर मोजणी वाढवायला हवी. उत्तर बरोबर येऊनही कारण सांगता येत नसेल, तर तो अंदाजच. घड्याळ लावलेल्या स्पर्धेत तो दर वेळी साथ देत नाही.