तीनशे तीन आणि तीनशे पंधरा

लष्कराने मोडीत काढलेली रायफल विकत घ्यायची, तिचे पुढचे लाकूड कापायचे, संगिनीची खुंटी काढून टाकायची आणि शिकारीला निघायचे, हा उद्योग दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका, कॅनडा, इंग्लंड या देशांत जोरात चालला. युद्ध संपले होते आणि लाखो रायफली कोठारांत पडून होत्या. नवी शिकारी रायफल ज्याला परवडत नसे, तो अशी जुनी घेऊन घरच्या टेबलावर कानस चालवी. आपल्याकडे हे का झाले नाही?

हा प्रश्न माझा नव्हे. गेल्या हिवाळ्यात सेमाडोहच्या शिबिरात एका मित्राने तो काढला. रानडुकरांनी हरभऱ्याची नासाडी केल्याचे गाऱ्हाणे आम्ही वाटेत ऐकलेच होते. तो म्हणाला, "पोलिसांनी एवढ्या थ्री-नॉट-थ्री टाकून दिल्या, त्या नीट करून शेतकऱ्यांना का देत नाहीत?" आमच्या घरी एक रायफल असल्यामुळे उत्तराची जबाबदारी माझ्यावर आली.

शिपायाची रायफल ही शिपायाच्या कामासाठी घडवलेली असते. आपल्या परिचयाची ली-एन्फिल्ड घ्या. तिचे वजन सुमारे चार किलो. लाकूड थेट नळीच्या टोकापर्यंत, कारण भराभर गोळ्या झाडून नळी तापते आणि हात भाजतो. शिवाय संगिनीच्या झटापटीत नळीला आधार लागतो. शिकाऱ्याला मात्र एक, फार तर दोन गोळ्या झाडायच्या असतात, त्यामुळे पुढचे लाकूड म्हणजे त्याच्या खांद्यावरचे निव्वळ ओझे. म्हणून ते कापतात. दस्ता बदलतात, दूरच्या पल्ल्यासाठी आखलेली नेमपट्टी काढून जवळच्या नेमाला सोयीची बसवतात. बर्मिंगहॅमची पार्कर-हेल कंपनी अशा बदललेल्या रायफली तयारच विकत असे.

गोळीही बदलावी लागते, आणि इथे एक गंमत आहे. लष्करी गोळीवर धातूचे पूर्ण आवरण असते. ती जनावराच्या आरपार जाते आणि जखमी जनावर झुडपात शिरते. जखमी वाघ म्हणजे काय, हे हाक्याला गेलेल्या माणसालाच विचारावे. शिकाऱ्याला मऊ टोकाची, आत जाऊन फुलणारी गोळी लागते. अशी गोळी कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात १८९० नंतरच्या दशकात सैन्यासाठी तयार झाली. १८९९ च्या हेग परिषदेने ती युद्धात निषिद्ध ठरवली. माणसावर जी चालवायची नाही, तीच जनावरावर चालवणे दयेचे मानले गेले!

आता आपल्याकडचा मुद्दा. १८५७ नंतर इंग्रजांना धास्ती बंदुकीपेक्षा काडतुसाची होती. सैन्याच्या कोठारातून चोरलेले काडतूस खासगी बंदुकीत बसता कामा नये, हे त्यांचे सूत्र. विसाव्या शतकाच्या आरंभी ४५० बोअरवर बंदी आली, तेव्हा विलायती कारखानदारांनी हिंदुस्थानातील गिऱ्हाइकांसाठी ४६५, ४७० असे नवे बोअर काढले. स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यानेही तेच धोरण चालवले. ३०३ आणि ७.६२ मिलिमीटर हे 'निषिद्ध बोअर' झाले. लाकूड कितीही कापा, नळी ३०३ ची असेल तर रायफल निषिद्धच. अमेरिकेत कानशीने भागले ते इथे भागत नाही.

मग ३१५ आली कुठून? बंगालमधील ईशापूरच्या सरकारी कारखान्याने ली-एन्फिल्डचीच यंत्रणा घेतली आणि तिला आठ मिलिमीटरची, म्हणजे ३१५ ची नळी बसवली. मॅगझिनमध्ये दहाऐवजी पाच काडतुसे, लाकूड अर्धे. मौज अशी, की हे काडतूस मुळात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याचे. तिकडचे लष्करी काडतूस आपल्या सैन्यात नव्हते, म्हणून ते इथे शिकारी ठरले!

खुद्द ३०३ चे रूपांतर आपल्याकडे झाले ते उलट दिशेने. नळीतले पिळाचे आटे खरवडून, ती रुंद करून ४१० ची एकबारी मस्केट केली आणि ती पोलीस व तुरुंगाच्या पहारेकऱ्यांना दिली.

आमच्या घरची रायफल ईशापूरची ३१५. कुणी तिला मिलिटरीची म्हटले की आजोबा चिडत : "मिलिटरीची नोहे बाप्पा, पंधराची हाय!" त्यांनी तरुणपणी मेळघाटात सांबर मारले होते. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७४ मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला आणि शिकारी रायफलीचे शिकारीचे काम संपले. आज शेतात शिरलेल्या रानडुकरालाही वनखात्याच्या परवानगीवाचून मारता येत नाही. तेव्हा मित्राच्या प्रश्नाचे उत्तर दुहेरी आहे : ३०३ देता येत नाही, आणि ३१५ हाती असली तरी परवाना बंदुकीचा असतो, जनावराचा नव्हे. हरभऱ्याचे नुकसान मात्र होतच राहते. त्यावर उपाय रायफलीत आहे असे मला वाटत नाही. पण ज्याचे पीक गेले त्याला हे ऐकवण्याचे धैर्य मला त्या दिवशी झाले नाही.

आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले. परवाना त्यांच्या नावाचा, म्हणून रायफल पोलीस ठाण्यात जमा आहे. बाबांनी तो आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा की रायफल विकून टाकावी, यावर घरात अजून एकमत नाही. आजी म्हणते, "ठेवून करता काय तिचं? पन इकू नोका."