कोड ३५५६: इंजेक्टर बदलण्याआधी

स्कॅनरवर ३५५६-५ असा कोड उमटला, की थेट नवा इंजेक्टर मागवण्याचा मोह होतो. ही घाई खिशाला फार महागात पडते.

डिझेल ट्रकच्या धूरगाळणीत साचलेली काजळी जाळायला ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते. त्यासाठी ३५५६ हा कोड ज्याचा आहे, तो इंजेक्टर धुराच्या वाटेवर डिझेल फवारतो. पुढच्या कॅटॅलिस्टवर ते जळतं. कोडातला डॅशनंतरचा ५ म्हणजे करंट कमी, बहुधा तुटलेलं सर्किट. त्या जागी ६ असेल तर करंट जास्त, वायर कुठेतरी बॉडीला टेकलेली.

आधी प्लग काढावा. पिनांवर हिरवट गंज आहे का? मग मल्टिमीटरने कॉइलचा रोध मोजून मॅन्युअलशी ताडावा. तो बरोबर भरला तर वायरिंग तपासावं, तेही हार्नेस हलवत: तापलेल्या पाइपाजवळची तार आतून तुटली असेल, तर रीडिंग धक्क्यागणिक नाचतं.