डोके मोठे नाही, टोपी लहान आहे

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आमचे बाबा पेन्शनच्या कामाने बँकेत गेले आणि दुपारी साडेबाराला पायीच घरी निघाले. अंतर जेमतेम अर्धा किलोमीटर. कोपऱ्यावरच्या पानठेल्यापाशी त्यांना घेरी आली. ठेल्यावरच्या पोराने त्यांना सावलीत बसवले, पाणी पाजले आणि आम्हाला फोन केला. आम्ही धावत पोहोचलो तेव्हा बाबा शुद्धीवर होते, नीट बोलत होते. पण चेहरा लालबुंद झाला होता आणि डोके उघडे होते. हातातल्या पिशवीत पासबुक होते आणि त्याखाली घडी घातलेली कोरी टोपी.

"टोपी जवळ असून घातली का नाही?" आम्ही रागावलोच.

"घातली की कपाळ आवळते. दहा मिनिटांत डोकं ठणकाले लागते," बाबा म्हणाले. "उन्हापेक्षा ते ठणकणं जास्त होते."

मग तो राग आमच्यावरच उलटला. टोपी आम्हीच आणली होती. न विचारता, न मोजता. त्या संध्याकाळी पहिल्यांदा टेप घेऊन बाबांचे डोके मोजले. ६२ सेंटिमीटर भरले. टोपीच्या आतल्या चिठ्ठीवर लिहिले होते : ५८.

त्यानंतर सीताबर्डीपासून इतवारीपर्यंत आम्ही बरीच दुकाने पालथी घातली. एका दुकानदाराने बाबांच्या डोक्यावर एकामागून एक चार टोप्या बसवून पाहिल्या आणि हसत म्हणाला, "काका, तुमच्या डोक्याची टोपी कंपनी काढतच नाही." बाबाही हसले. पण घरी आल्यावर म्हणाले, "शाळेत पोरं मला हंडा म्हणत. आता टोपीचं नाव काढू नका." सत्तरी उलटलेल्या माणसाला साठ वर्षांपूर्वीचा तो शब्द अजून टोचत होता. मोठ्या डोक्याच्या माणसाला उन्हात उघडे ठेवणाऱ्या गोष्टी दोन : एक घट्ट टोपी, दुसरी ही लाज. म्हणून यंदाच्या उन्हाळ्याच्या तोंडावर हा लेख.

टोपी कशासाठी?

आपल्या विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, हे कोणाला सांगायला नको. पण एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हवामान खाते सांगते ते तापमान जमिनीपासून चार-पाच फुटांवर, हवा खेळती असलेल्या पांढऱ्या पेटीत, म्हणजे सावलीत मोजलेले असते. भर उन्हात उभ्या माणसाच्या अंगावर त्याशिवाय सूर्याचा थेट ताप पडतो आणि डांबरी रस्त्याचाही. टोपी म्हणजे सोबत चालणारी सावली. ती हवेचे तापमान कमी करत नाही. डोके, चेहरा, डोळे आणि मान यांवर पडणारा थेट ताप अडवते. सूर्याच्या अतिनील किरणांनी त्वचा भाजते आणि वर्षानुवर्षे ते डोळ्यांत गेले तर मोतीबिंदूचा धोकाही वाढतो. रुंद काठाची टोपी दोन्हींपासून बरेच रक्षण करते.

टोपी घातली म्हणून भर दुपारी फिरायला मोकळीक मिळाली, असे मात्र नव्हे. बारा ते तीन शक्य तितके सावलीतच राहावे. आणि खिशातल्या कांद्याचा भरवसा धरू नये. कांदा जेवणात चांगला. खिशात ठेवून ऊन अडत नाही.

घट्ट टोपीने डोके का दुखते?

बाबांचे दुखणे बहाणा नव्हता. कपाळाभोवती किंवा डोक्याभोवती सतत दाब राहिला की डोके दुखू लागते, हे वैद्यकशास्त्रात नोंदलेले आहे. घट्ट टोपी, हेल्मेट, पोहण्याचा चष्मा, कशानेही ते होते. दाब सुरू झाल्यापासून तासाभरात दुखणे सुरू होते आणि दाब काढल्यावर साधारण तासाभरात थांबते. टोपी काढूनही डोके दुखतच राहिले, तर कारण दुसरे शोधावे : पाणी कमी पडले असेल, ऊन लागले असेल, रक्तदाब वाढला असेल किंवा चष्म्याचा नंबर बदलला असेल.

चष्मा लावणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. टोपी खाली सरकली की चष्म्याच्या काड्या कानामागे रुतवते. माणसाला वाटते चष्मा टोचतो. खरे तर टोपी दाबत असते.

माप कसे घ्यावे?

शिंप्याची टेप भुवयांच्या वर बोटभर, दोन्ही कानांच्या किंचित वरून आणि मागे डोके जिथे सर्वांत फुगीर असते तिथून फिरवावी. टेप टेकलेली हवी, आवळलेली नको. टेप नसेल तर सुतळी फिरवून ती पट्टीवर मोजावी. तीनदा मोजून सर्वांत मोठा आकडा धरावा. अंबाडा किंवा वेणी घालणाऱ्या भगिनींनी रोजची केशरचना करूनच मोजावे.

बाजारात 'फ्री साइज' लिहिलेली टोपी बहुधा ५६ ते ५८ सेंटिमीटरची असते. म्हणजे ती सगळ्यांसाठी नाही, मधल्या डोक्यांसाठी आहे. ५९-६० ला बहुतेक ठिकाणी 'एल' म्हणतात, ६१-६२ ला 'एक्सएल' आणि त्यापुढे 'डबल एक्सएल'. पण प्रत्येक कंपनीची अक्षरे सारखी नसतात. म्हणून दुकानात अक्षर सांगू नये, सेंटिमीटर सांगावे. घरात हेल्मेट असेल तर आतली चिठ्ठी पाहावी. तिथे ५८०, ६००, ६२० असे आकडे मिलिमीटरमध्ये असतात. ६०० म्हणजे ६० सेंटिमीटर. हेल्मेट मात्र घट्टच बसायला हवे. टोपी त्याहून सैल हवी.

इथे आरोग्याची एक सूचना. डोके मोठे असणे हा आजार नाही. बहुतेकदा ते आईवडिलांकडून आलेले असते. मात्र वाढ पूर्ण झालेल्या माणसाला जुनी टोपी, चपला आणि अंगठी हळूहळू घट्ट होऊ लागली तर डॉक्टरांना जरूर दाखवावे. तान्ह्या बाळाचे डोके झपाट्याने वाढताना दिसले तरी तसेच.

घेताना काय पाहावे?

टोपी डोक्यावर बसवून कपाळ आणि पट्टी यांच्यामध्ये एक बोट सहज सरकले पाहिजे. मान खाली घातली तर टोपी पडता कामा नये. दुकानातच पाच-दहा मिनिटे ती घालून फिरावे. काढल्यावर कपाळावर लाल रेघ उमटली असेल तर ती टोपी आपली नाही.

घेराइतकीच खोली महत्त्वाची. मोठ्या डोक्यावर उथळ टोपी नुसती टेकून राहते आणि वाऱ्याच्या पहिल्या झोताला उडते. टोपी कपाळाच्या मध्यापर्यंत तरी उतरायला हवी. काठ चारी बाजूंनी किमान साडेसात सेंटिमीटर, म्हणजे तीन इंच असावा. क्रिकेटच्या कॅपला फक्त पुढे चोच असते; कान आणि मान उघडेच राहतात. कापड सुती, फिक्या रंगाचे आणि दाट विणीचे घ्यावे. उजेडासमोर धरून आरपार दिसले तर ऊनही आत येणार. काठाची खालची बाजू गडद रंगाची असेल तर रस्त्यावरून परतणारी चकाकी डोळ्यांना कमी लागते. मागे पट्टी किंवा नाडी असलेली टोपी कमी-जास्त करता येते. पण ती पूर्ण सैल केल्यावर किती सेंटिमीटर होते, ते टेपने पाहूनच घ्यावी.

शिवून घेतली तर?

दुकानांत हाती काही लागेना, तेव्हा वस्तीतल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "ब्लाउज मापाचा शिवतो, मग टोपी का नाही?" हा साधा प्रश्न आम्हाला आधी सुचला नव्हता.

हिशोब असा. डोके ६२, त्यात सैलपणासाठी २ मिळवले : ६४. टोपीचा घुमट सहा पाकळ्यांचा. ६४ ला सहाने भागले की एका पाकळीची तळाची रुंदी सुमारे पावणेअकरा सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना शिलाईसाठी एकेक सोडला की पावणेतेरा. पाकळीच्या उंचीसाठी एका कानाच्या वरून टाळूवरून दुसऱ्या कानाच्या वरपर्यंत टेप धरावी आणि त्याचे निम्मे घ्यावे, शिलाई वेगळी. काठासाठी ६४ ला ६.२८ ने भागावे, म्हणजे आतल्या वर्तुळाची त्रिज्या मिळते : १०.२ सेंटिमीटर. त्यात काठाचे साडेसात मिळवले की बाहेरची त्रिज्या १७.७. आतून आणि बाहेरून एकेक सेंटिमीटर शिलाईला ठेवून असे दोन गोल कापावेत आणि मध्ये कडक अस्तर घालावे. आत कपाळाला लागणारी पट्टी मऊ, घाम टिपणाऱ्या सुती कापडाची असावी. कापड आधी धुऊन वाळवून घ्यावे, नाहीतर पहिल्याच धुण्यात ६४ चे ६२ होतात. आमच्या घरच्या जुन्या सुती चादरीत हे काम झाले; ताईंना फक्त शिलाई दिली.

दुपट्ट्याला माप नाही

ज्यांना टोपी नकोच, त्यांच्यासाठी आपला सुती दुपट्टा आहेच. त्याला ना एल, ना एक्सएल. विदर्भाच्या कोरड्या हवेत तो ओला करून बांधला तर पाणी उडताना गारवा देते. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत पाणी लवकर उडत नाही, तिथे ओल्या दुपट्ट्याचा फायदा कमी. कपाळावर पदर पुढे ओढला नाही तर डोळ्यांवर सावली पडत नाही, एवढी उणीव. आणि दुचाकीवर हेल्मेटखाली दुपट्ट्याची जाड गाठ कधीही नको. हेल्मेट नीट बसत नाही आणि अपघातात निसटू शकते. पायी जाणाऱ्याला छत्री उत्तम. तिला डोक्याशी देणेघेणेच नाही.

कामावरची टोपी

बाबांना घेरी आली तेव्हा घर जवळ होते. पण रस्ता झाडणारे, बांधकामावर विटा वाहणारे, शेतात निंदणाऱ्या मायबहिणी यांना बारा ते तीन घरी बसा म्हणून सांगणे सोपे आणि पाळणे कठीण. जिथे कामगारांना टोप्या वाटतात तिथे बहुतेकदा एकाच मापाचा गठ्ठा येतो. ज्याला बसत नाही तो ती घरी खुंटीला टांगतो, आणि वर ऐकून घेतो की टोपी देऊनही घालत नाही. टोपी देताना डोके मोजून द्यावी, ही मागणी लहान वाटली तरी न्यायाची आहे. बूट मापाने मिळतात, तर टोपीही मापाने मिळावी.

१४ एप्रिलच्या मिरवणुकीत आणि वैशाख पौर्णिमेच्या कार्यक्रमांत आपली मंडळेही टोप्या वाटतात. कार्यकर्त्यांना विनंती, की मागे नाडी असलेल्या मोठ्या टोप्या थोड्या तरी मागवाव्यात आणि सोबत पाच-दहा सुती दुपट्टे ठेवावेत.

हे मात्र विसरू नका

उन्हातून आलेल्या माणसाला घेरी, मळमळ, खूप घाम, पायात गोळे असतील तर सावलीत आडवे करावे, कपडे सैल करावेत, ओल्या फडक्याने अंग पुसून वारा घालावा. शुद्धीवर असेल तर एक लिटर पाण्यात कालवलेले ओआरएस घोट घोट द्यावे. तो असंबद्ध बोलू लागला, झटका आला, शुद्ध हरपली किंवा अंगाचा ताप ४० अंश सेल्सिअस व त्यापुढे गेला, तर तो उष्माघात समजावा. अंग कोरडेच हवे असे नाही, घाम असतानाही उष्माघात होतो. लगेच १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतून, वारा घालून गार करत राहावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांना उन्हाचा त्रास लवकर होतो. त्यांनी उन्हाळ्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे, गोळी मनाने बंद करू नये.

बाबांची टोपी शिवून झाली त्या दिवशी त्यांनी ती आरशात न पाहताच घातली आणि दूध आणायला गेले. परत आल्यावर आम्ही विचारले, "ठणकते का?" ते म्हणाले, "कशाचं?" टोपी डोक्यावर आहे, हेच ते विसरले होते. पुढच्या आठवड्यात पानठेल्यावरच्या पोरालाही टोपी बसत नाही म्हणून ते त्याला ताईंकडे घेऊन गेले. त्याचे डोके ६१ भरले.