विरहिणीचा आरसा

चंद्रपूरच्या आमच्या घरी सकाळी कावळा ओरडला, की आई म्हणायची, "कोणीतरी येणार." वडील गेल्यानंतरही तिची ही सवय सुटली नाही. एकदा भजनाहून परतल्यावर तिने विचारले, "देव सगळीकडे आहे म्हणतात, मग ज्ञानोबांची विरहिणी रडते कोणासाठी?" मला उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नापायी मी विरहिण्या वाचू लागलो.

आम्हा वैदर्भीयांना विरह म्हटला की आधी रुक्मिणी आठवते. वर्धेकाठच्या कौंडिण्यपुराहून तिने ब्राह्मणाहाती द्वारकेला निरोप धाडला. भागवतातली ही कथा महानुभाव कवी नरेंद्राने तेराव्या शतकात 'रुक्मिणी स्वयंवरा'त मराठीत आणली. हा विरह अंतराचा आहे. रथ आला, की संपतो.

ज्ञानदेवांच्या विरहिणीसाठी रथ येत नाही. प्रतीके मात्र शृंगारातलीच: कावळ्याचा शकुन, मेघ, चांदणे, चंदन, फुलांची शेज. त्यांचे गुण तेवढे उलटतात. चंदन पोळते, शेज जाळते. वस्तू त्याच आहेत. तेव्हा दाह वस्तूंत नाही, भोगणाऱ्या 'मी'त आहे. म्हणूनच एका प्रसिद्ध विरहिणीच्या शेवटी ती आरशात पाहते, तर स्वतःचे रूपच दिसत नाही. तिची ही दशा करणारा कोण? तर रखुमाईचा पती. ज्ञानदेवांची मुद्राच ती आहे.

सतराव्या शतकातल्या जॉन डन या इंग्रज कवीने ताटातूट होणाऱ्या दोन जीवांना कर्कटकाच्या दोन पायांची उपमा दिली. एक फिरतो, दुसरा त्याच्याकडे झुकतो. वर दोघे जोडलेलेच. तिथे दोघे अखेरपर्यंत दोघेच राहतात. इथे रडणारीच उरत नाही.

वर्धा चपराळ्याजवळ वैनगंगेला मिळते. दोघींची नावे संपतात, प्राणहिता सुरू होते आणि सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. ज्या नेवाशात शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तिथल्या प्रवरेचे पाणीही गोदावरीतूनच येते. रुक्मिणीची नदी आणि ज्ञानदेवांची नदी अशी आमच्या गडचिरोलीच्या टोकाला एक होते.

त्या संगमावर उभा असताना आईच्या प्रश्नाचे उत्तर सुचले. देव दूर आहे म्हणून विरहिणी रडत नाही. मधे 'मी' अजून उरला आहे, म्हणून रडते.

ऐकायला आई नव्हती. कावळा ओरडला, की मी अजून दाराकडे पाहतो. म्हणजे उत्तर कळले आहे, आरसा मात्र अजून माझाच चेहरा दाखवतो.