अर्धवट वाक्य वाचणारा

व्हीएस कोडमध्ये रस्ट भाषेची फाइल उघडली की एकही एक्स्टेन्शन नसताना ती रंगीत दिसते. कीवर्ड एका रंगात, अवतरणातला मजकूर दुसऱ्या, शेरे फिके. त्यामुळे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या माझ्या भाच्याला वाटत होतं, एडिटरला रस्ट येतं. येत नाही. हे रंग टेक्स्टमेट पद्धतीच्या व्याकरणातून, म्हणजे अक्षरांचे ठरावीक नमुने जुळवून भरले जातात. एखादं नाव कुठे जाहीर झालं, त्याचा प्रकार कोणता, याचा त्या नमुन्यांना पत्ता नसतो. त्यासाठी रस्ट-ॲनालायझर लागतो. भाच्याच्या नव्या विंडोज लॅपटॉपवर आम्ही तोच बसवत होतो.

एक्स्टेन्शनच्या यादीत नाव शोधायचं, इन्स्टॉल दाबायचं. यात सांगण्यासारखं काही नाही. पण आपण बसवतो ते एक्स्टेन्शन म्हणजे निव्वळ निरोप्या. खरं काम करणारा सर्व्हर वेगळाच प्रोग्रॅम असतो, टास्क मॅनेजरमध्ये तो स्वतंत्र दिसतो. दोघांचं बोलणं लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल, म्हणजे एलएसपी, या ठरलेल्या रीतीनं चालतं. मायक्रोसॉफ्टनं २०१६ मध्ये रेड हॅट आणि कोडेन्व्हीला बरोबर घेऊन तो जाहीर केला. १० भाषा आणि ५ एडिटर असतील तर त्याआधीच्या हिशोबानं ५० जोडण्या लागत. आता भाषेनं एक सर्व्हर लिहायचा, एडिटरनं एकदा एलएसपी शिकायचं, की १५ मध्ये भागतं. निओव्हिमवाले हाच सर्व्हर वापरतात तो त्यामुळेच.

ही ये-जा पाहायची असेल तर सेटिंगमध्ये सर्व्हरचा ट्रेस ‘व्हर्बोज’ करून आउटपुटचं पॅनेल उघडं ठेवावं. नवशिक्याला मी हे दाखवतोच. आधी ‘इनिशियलाइज’: दोघेही आपल्याला काय काय येतं ते एकमेकांना सांगतात. मग फाइल उघडल्याचा निरोप. टाइप करायला लागलं की बदलांच्या निरोपांची रांग लागते. फाइल सेव्ह झालेली नसते, तरी सर्व्हरच्या हातात ताजा मजकूर असतो.

बदल कुठे झाला हे ओळ आणि त्या ओळीतली जागा देऊन कळवतात, दोन्ही शून्यापासून मोजून. देवनागरी लिहिणाऱ्यानं इथे जरा रेंगाळावं. ‘किंमत’ हा डोळ्यांना तीन अक्षरांचा शब्द. रस्ट त्याची लांबी १५ सांगतं, कारण तिथे मजकूर यूटीएफ-८ मध्ये असतो आणि लांबी बाइटमध्ये मोजतात. एलएसपीच्या मूळ हिशोबात हाच शब्द ५ भरतो, कारण तिथलं माप यूटीएफ-१६ चं. व्हीएस कोड जावास्क्रिप्टच्या घरातला आणि त्या घरची हीच रीत. सर्व्हरचं रूपांतर चुकलं तर मराठी मजकुराच्या पुढची, चूक दाखवणारी लाल रेघ भलत्याच नावाखाली जाऊन बसते. प्रोटोकॉलच्या ३.१७ या आवृत्तीपासून कोणतं माप वापरायचं हे सुरुवातीच्या ओळखीतच ठरवता येतं. भाच्यानं ओळीच्या सुरुवातीला मुद्दाम मराठी शेरा घालून पुढे चूक केली. रेघ जागेवर होती.

कंपायलरपेक्षा या सर्व्हरचं काम मला अवघड वाटतं. कंपायलरला चूक दिसली तर ती सांगून थांबायची मुभा असते. एडिटरमधला मजकूर मात्र जवळजवळ कायम चुकीचाच असतो. कंस उघडलाय पण मिटलेला नाही, टिंब दिलंय आणि पुढचं नाव यायचंय. सूचना हव्यात त्या नेमक्या तेव्हा, आणि तत्काळ. अलेक्सेई क्लादोव्ह यांनी २०१८ मध्ये रस्ट-ॲनालायझरचं काम सुरू केलं तेव्हा आरएलएस नावाचा सर्व्हर अधिकृत होता, पण तो थेट कंपायलरवर विसंबून होता. ॲनालायझरनं चुका पोटात घालणारा स्वतःचा पार्सर लिहिला. विचारलं जाईल तेवढंच शोधायचं आणि शोधलेलं लक्षात ठेवायचं, हा त्याचा शिरस्ता. २०२२ मध्ये आरएलएस निवृत्त झाला. लाल रेघा मात्र बऱ्याचशा अजून कंपायलरच्याच. सेव्ह केलं की मागे ‘कार्गो’ या रस्टच्या बिल्ड साधनाची ‘कार्गो चेक’ ही तपासणी चालते, म्हणून काही रेघा टाइप करतानाच उमटतात आणि काही सेव्ह केल्यावर.

आमचं अडलं ते ‘सर्डे’पाशी. साधा प्रकल्प सुरळीत होता. ही लायब्ररी जोडली आणि तक्रारींची माळ लागली. सर्डेचा डिराइव्ह मॅक्रो हा स्वतःच एक प्रोग्रॅम. त्यातून कोणता कोड निघतो हे कळायला तो आधी बांधून चालवावा लागतो. बांधायला लिंकर हवा, आणि विंडोजवर रस्ट नेहमीच्या पद्धतीनं बसवलं की तो मायक्रोसॉफ्टच्या सी++ बिल्ड टूल्समधून येतो. रस्ट बसवणाऱ्या रस्टअपनं विचारलं तेव्हा भाच्यानं ती टाळली होती.

“मामा, पण मला अजून चालवायचं कुठंय? नुसतं लिहायचंय.”

रस्टमध्ये नुसतं लिहायलाही काहीतरी चालवावं लागतं. फोल्डर उघडताना व्हीएस कोड लेखकांवर विश्वास आहे का असं विचारतो, त्याचं कारण हेच. मॅक्रो आणि बिल्ड स्क्रिप्ट ही दुसऱ्यानं लिहिलेली, आपल्या मशीनवर आपल्या परवानगीनं चालणारी कामं, आणि तीही आपण ‘रन’ न दाबता. ‘नाही’ म्हटलं तर ॲनालायझर सुरूच होत नाही. अनोळखी कोड फक्त वाचायचा असेल तर मी ‘नाही’च म्हणतो, नमुन्यांचे रंग तेवढे पुरतात.

बिल्ड टूल्स उतरली, तक्रारी गेल्या. मग टर्मिनलमधला ‘कार्गो रन’ मध्येच ताटकळू लागला. सेव्ह केल्यावरची तपासणी आणि आपण दिलेली आज्ञा, दोघांना एकच टार्गेट फोल्डर हवा असतो आणि त्याला कुलूप एकच. ॲनालायझरला वेगळा फोल्डर देता येतो, तशी सेटिंग आहे. पण मग बांधलेलं सगळं डिस्कवर दोनदा साठतं. भाच्याची डिस्क अर्धी खेळांनीच भरलेली, म्हणून आम्ही ती सेटिंग तशीच ठेवली.