तेजाब, गंज आणि आब

सांगली, सातारा, कोल्हापूर भागात शिकलगार हे आडनाव सर्वांच्या ओळखीचं आहे. या शब्दाचं मूळ रूप ‘सैकलगर’. अरबीतलं ‘सैकल’ म्हणजे धातूला उजाळा देणं आणि ‘गर’ हा फारसी प्रत्यय. सौदागर, जादूगर या शब्दांतला. तलवार घडवणारा लोहार वेगळा आणि तिच्यावर शेवटचा हात फिरवून तिला उजळणारा सैकलगर वेगळा. वस्तू घडवणं आणि ती पुरी करणं ही दोन निराळी कौशल्यं आहेत, हे आपल्या भाषेनं एका आडनावात जपून ठेवलं आहे.

हे दुसरं कौशल्य किती खोल असतं, हे पाहायचं तर अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियाच्या लांब नळीच्या बंदुकीकडे पाहावं. ‘लाँगरायफल’ किंवा ‘केंटकी रायफल’ या नावानं ती ओळखली जाते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधून आलेले बंदूक-कारागीर लँकेस्टर परिसरात स्थायिक झाले. मायदेशातली आखूड, जाड नळीची शिकारी बंदूक त्यांनी हळूहळू बदलत नेली. नळी ४२ ते ४६ इंचांपर्यंत लांबली, लाकडी दस्ता सडपातळ झाला. अष्टकोनी लोखंडी नळी, आत पिळदार खाचा, गारगोटीच्या ठिणगीनं पेटणारी दारू आणि मेपलच्या लाकडाचा दस्ता, असं तिचं रूप ठरलं. जेकब डिकर्ट (१७४०-१८२२) हा लँकेस्टरचा त्यातला नावाजलेला कारागीर.

कारखान्यांच्या युगात ही कला जवळपास लोपली होती. व्हर्जिनियातल्या कलोनियल विल्यम्सबर्ग या ऐतिहासिक नगरात वॉलेस गसलर यांनी जुन्याच अवजारांनी अशी बंदूक पुन्हा घडवून दाखवली. त्यावरचा ‘गनस्मिथ ऑफ विल्यम्सबर्ग’ हा माहितीपट १९६९चा. आज अनेक कारागीर अशा बंदुका बनवतात. त्यातले बरेच जण नळी आणि चापाची यंत्रणा तयार विकत घेतात. पण लाकूड आणि अखेरचा हात स्वतःचाच ठेवतात. कारागिराची खरी परीक्षा तिथंच होते.

आधी लाकूड पाहू. या कामासाठी ‘लहरी’ मेपल निवडतात. त्याचे तंतू सरळ न जाता लाटांसारखे वर-खाली होत जातात. दस्ता कोरला, की पृष्ठभागावर काही ठिकाणी तंतूंची टोकं उघडी पडतात, काही ठिकाणी ते आडवे राहतात. कोऱ्या लाकडावर हा फरक जेमतेम दिसतो. जुन्या पद्धतीत लाकूड घासण्याऐवजी धारदार पोलादी पात्यानं खरवडलं जातं, म्हणजे तंतू स्वच्छ कापले जातात. मग ओल्या फडक्यानं लाकूड मुद्दाम भिजवतात. वाळताना बारीक तंतू केसांसारखे उभे राहतात. ते पुन्हा खरवडायचे, पुन्हा भिजवायचं. तंतू उठायचे थांबेपर्यंत हे चालू राहतं. इथं आळस केला, तर पावसात भिजलेल्या पहिल्याच शिकारीत दस्ता खरबरीत होतो.

यानंतर रंग येतो, पण तो रंगाच्या डब्यातला नसतो. युरोपात नायट्रिक अ‍ॅसिडला ‘अ‍ॅक्वा फोर्टिस’ म्हणत, म्हणजे जोरकस पाणी. आपल्या सराफकट्ट्यावर त्यालाच तेजाब म्हणतात. तेज अधिक आब, म्हणजे तीव्र पाणी. दोन दूरच्या भाषांना एकाच द्रवासाठी जवळपास एकच नाव सुचावं, ही मोठी गंमत आहे. या तेजाबात लोखंडाचे तुकडे विरघळवतात आणि ते पाणी लाकडाला लावतात. वाळल्यावर लाकूड हिरवट-करडं, अगदी निस्तेज दिसतं. नवख्याला वाटावं, सगळी मेहनत वाया गेली. मग भट्टीत तापवलेली लोखंडी सळई लाकडाच्या जवळून, न टेकवता फिरवतात. ती जिथून जाते, तिथं लाकूड पाहता पाहता तांबूस-तपकिरी होत जातं. तंतूंच्या उघड्या टोकांनी द्रव जास्त प्यायलेला असतो, म्हणून तिथं गडद पट्टे उमटतात. लाकडात लपलेल्या लाटा समोर येतात.

पण सळई क्षणभर जास्त रेंगाळली, तर लाकूड करपतं. आम्ल लाकडात शिल्लक राहिलं, तर पुढं ते काळवंडतं. म्हणून सोड्यासारख्या क्षाराच्या पाण्यानं त्याचा जोर मारावा लागतो. मग जवसाचं तेल. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन आवळतं आणि त्याचा चिवट पापुद्रा बनतो. तळहातानं चोळत, अगदी पातळ थर द्यायचा आणि तो पुरता वाळल्यावरच पुढचा. घाईनं जाड थर दिला, तर तो वरून सुकतो आणि आत चिकट राहतो. तेलात भिजलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकल्या, तर याच प्रक्रियेच्या उष्णतेनं त्या आपोआप पेटूही शकतात. म्हणून त्या पसरून वाळवतात.

आता लोखंड. लोखंडाचा वैरी गंज, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पावसाळ्यात विळी-कोयत्याला एका रात्रीत तांबूस पूड धरते. या बंदुकीच्या नळीवर मात्र तोच गंज मुद्दाम चढवला जातो. नळी आधी कानशीनं आणि बारीक पुडीनं घासून एकसारखी करतात. मग तिच्यावरचा तेलकटपणा पूर्ण काढतात. यानंतर उघड्या बोटाचा एक स्पर्शही चालत नाही, कारण बोटाच्या तेलाचा डाग अखेरपर्यंत दिसत राहतो. आम्ल आणि क्षारांचं पातळ मिश्रण नळीवर एकदाच, न गिरवता फिरवून ती दमट जागी ठेवतात. काही तासांत तांबूस साय धरते. सुटा गंज जाड फडक्यानं किंवा तारेच्या ब्रशनं पुसून काढायचा. घट्ट बसलेला थर तसाच ठेवायचा. पुन्हा मिश्रण, पुन्हा दमट हवा, पुन्हा पुसणं. असं सहा-सात वेळा, कधी त्याहून अधिक.

नळीवर सगळीकडे सारखा गर्द तपकिरी रंग आला, की गंजाला रोखायचं. क्षाराच्या पाण्यानं त्याचा जोर संपवून नळी गरम करायची आणि तेल किंवा मेण जिरवायचं. हाच गंज प्रत्येक वेळी उकळत्या पाण्यात धरला, तर लाल ऑक्साइडचं काळं ऑक्साइड बनतं आणि नळी निळसर-काळी होते. वेळीच थांबवलेला आणि तेल प्यायलेला हा थर पुढं लोखंडाची राखण करतो. मोकाट सुटला, तर तोच नळी खाऊन टाकतो.

दस्त्याच्या कुशीत पितळेची एक झाकणपेटी असते. गोळीभोवती गुंडाळायचे चरबी लावलेले कापडी तुकडे तीत ठेवत. लँकेस्टरच्या पेट्यांवर डेझी फुलाचा आकार हमखास आढळतो. गर्द लाकूड, तपकिरी लोखंड आणि पिवळं पितळ हे तीन रंग एकमेकांना उठाव देतात.

या सौंदर्याची दुसरी बाजूही नजरेआड करू नये. १७७५मध्ये ब्रिटिशांविरुद्ध उभारलेल्या तुकड्यांच्या हातात अशा बंदुका होत्या. जंगलात राहणाऱ्या कुटुंबांना त्यांनी शिकारीचं मांस दिलं आणि मूळ रहिवाशांना त्यांच्या भूमीवरून हुसकावण्यातही त्यांचा वापर झाला. कारागिरानं लाकडातल्या लाटा कितीही सुंदर उठवल्या, तरी हा इतिहास पुसला जात नाही.

आजच्या कारागिरांपुढे मात्र एक वेगळाच प्रश्न आहे. नवी बंदूक नवीच दिसू द्यावी, की दोनशे वर्षं वापरल्यासारखी? ग्राहकांना जुनेपणाचा मोह असतो. त्यासाठी कोपरे झिजवतात, कानाकोपऱ्यांत काळपट मेण भरतात, नळीवर मुद्दाम खड्डे पाडतात. हे कामही कौशल्याचंच आहे आणि सांगून केलं तर त्यात गैर काही नाही. पण अशी बंदूक दोन-चार हात फिरली, की जुनी म्हणून विकली जाण्याची भीती राहते. म्हणून प्रामाणिक कारागीर नळीवर आपलं नाव आणि साल कोरतो.

मराठीत आब म्हणजे तेज आणि आब म्हणजे इभ्रतसुद्धा. नळीवर खरं साल कोरणारा कारागीर बंदुकीचं तेज तर राखतोच, स्वतःची इभ्रतही राखतो. तिचं जुनेपण तो पुढच्या पिढ्यांच्या हातांवर सोपवतो. कोपरे त्यांच्या वापरानं झिजतील, पितळ त्यांच्या स्पर्शानं काळवंडेल.